जुनी गाडी, घरचे गॅरेज: इंजिनाआधी पत्रा बघा



गेल्या वर्षभरात मंडळातल्या निदान चार-पाच घरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे: जुनी गाडी घेऊन ती घरीच दुरुस्त करायची म्हटली तर सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सगळे लिहून काढावे, म्हणून हा लेख. आमची गाडी १९६४ ची मॉरिस मायनर १००० आहे. हॅमिल्टनमधल्या दोन घरांनी मिळून घेतलेली आणि त्यातल्या एका घराच्या गॅरेजात उभी राहिलेली. त्यामुळे उदाहरणे मॉरिसची येतील, पण बरेचसे कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते.

प्रश्न विचारणारे बहुतेक सगळे इंजिनाबद्दल विचारतात. सेल्फवर चालू होते का? धूर सोडते का? इंजिनाचे काम निघेल का? हे आपले भारतातल्या सवयीचे प्रश्न. तिकडे, विशेषतः पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत, पत्रा बऱ्यापैकी टिकतो आणि इंजिन, क्लच, सस्पेन्शन यांचा आधी निकाल लागतो. इथे नेमके उलटे आहे. न्यूझीलंडमध्ये जुनी गाडी सहसा इंजिनामुळे मरत नाही. ती गंजामुळे मरते, नाहीतर कागदपत्रांमुळे. इंजिन बिघडले तर खोलता येते, दुसरे मिळते, अगदीच नाही तर एखाद्या जाणकाराकडे पाठवता येते. पण ज्या गाडीचा सांगाडा आतून पोखरला आहे किंवा जिची नोंदणीच रद्द झाली आहे, ती फुकट मिळाली तरी महाग पडते. हे एवढे जरी लक्षात ठेवलेत तरी तुमचे पुष्कळ पैसे वाचतील.

इथे एवढ्या जुन्या गाड्या दिसतात कशा, याचे आम्हाला सुरुवातीला फार नवल वाटायचे. कारण कळल्यावर मात्र अगदी घरच्यासारखे वाटले. १९८० च्या दशकापर्यंत या देशात गाड्यांच्या आयातीवर परवान्यांचे कडक बंधन होते. गाड्या सुट्या भागांच्या रूपात खोक्यांतून येत आणि इथल्या कारखान्यांत जोडल्या जात. मॉरिस मायनर ऑकलंडला डोमिनियन मोटर्समध्ये जोडली जाई. पुढे टोयोटाच्या गाड्या आपल्यापासून फार लांब नसलेल्या थेम्स गावात जोडल्या जाऊ लागल्या. ज्याच्यापाशी परदेशी चलन असे त्याला नवी गाडी लवकर मिळे, बाकीच्यांनी यादीत नाव घालून थांबायचे. थोडी वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाण्याचे प्रकारही होत. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेल्या आपल्या आईवडिलांच्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको! जी गाडी दारात आहे ती जपायची, दुरुस्त करत राहायची, ही सवय त्यातूनच आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानहून वापरलेल्या गाड्या येऊ लागल्या, १९९८ मध्ये आयातकर रद्द झाला आणि त्याच वर्षी शेवटचे जोडणी-कारखाने बंद पडले. गॅरेजात काहीतरी उघडून ठेवण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

मॉरिस मायनर तर आपल्याही नात्यातली निघते. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ मध्ये बाजारात आली. हिंदुस्थान मोटर्सने काही वर्षे हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावाने भारतात काढली होती, आणि आपली अँबॅसॅडर म्हणजे हिच्याच थोरल्या भावंडाचे, मॉरिस ऑक्सफर्डचे भारतीय रूप. त्यामुळे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईबाबा ही गाडी पाहून जेवढे खूश होतात, तेवढे हॉबिटन पाहूनही होत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

असो. आता कामाचे.

पहिली गोष्ट, कोणती गाडी घ्यावी. आमचे मत असे की पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने अशी गाडी घ्यावी जिचे सुटे भाग आजही नवे तयार होतात आणि जिच्यात कॉम्प्युटर नाही. (दिवसभर तेच करून आल्यावर संध्याकाळी परत कशाला?) मॉरिस मायनर सोळा लाखांच्या वर तयार झाल्या, त्यामुळे तिचे जवळजवळ सगळे भाग इंग्लंडहून मागवता येतात. आणि जे बोटीने येते त्यातले पुष्कळसे इथल्या मंडळींच्या शेडमध्ये आधीच पडलेले असते. १९९० च्या दशकातल्या जपानी गाड्या चालवायला जास्त चांगल्या, पण त्यांचे प्लॅस्टिकचे तुकडे, दारांची रबरे, इलेक्ट्रॉनिक खोकी हळूहळू दुर्मिळ होत चालली आहेत. त्यासाठी गाड्या मोडीत काढणाऱ्यांच्या आवारात हिंडावे लागते. अर्थात मनात एखादी गाडी भरली असेल तर आमचे ऐकू नका. ज्या गाडीवर प्रेम नाही तिच्याखाली जुलैच्या थंडीत कोणी आडवे होत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. गाडी बघायला जाण्याआधीच नंबर प्लेटवरून तिची नोंदणी जिवंत आहे की नाही ते तपासा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन आलेल्यांचा त्यात गोंधळ होतो. वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे बोलीत 'वॉफ', ही गाडी सुरक्षित असल्याची तपासणी. रेगो म्हणजे रस्त्यावर आणण्याची फी. वॉफ संपलेला असला तरी तो परत मिळवता येतो. पण रेगो भरलाही नाही आणि सवलतही मागितली नाही, असे सलग बारा महिने गेले, की सर्वसाधारणपणे गाडीची नोंदणीच रद्द होते. मग गाडी जणू आत्ताच बोटीतून उतरली असे समजून तिला पुन्हा प्रवेशाची सगळी तपासणी द्यावी लागते. ही तपासणी वॉफपेक्षा पुष्कळ कडक असते. गंजाची दुरुस्ती असेल तर ती मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. "वीस वर्षे गोठ्यात उभी होती, एका म्हाताऱ्याची एकहाती गाडी" अशी जाहिरात वाचून आपण हरखून जातो. अशा वेळी पहिला प्रश्न नोंदणीचाच विचारावा.

गाडी घेतल्यावर ती वर्षभर तरी हलणार नाही हे गृहीत धरा आणि रेगो 'होल्ड'वर टाका. एका वेळी कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त बारा महिने असे ते टाकता येते, मुदत संपण्याआधी पुन्हा वाढवता येते. या काळात गाडी रस्त्यावर चालवायची तर नाहीच, पण घरासमोर रस्त्याच्या कडेला उभीही करायची नाही. आम्ही या तारखेची आठवण चार जणांच्या चार कॅलेंडरांत घातलेली आहे. वॉफ किती महिन्यांनी करायचा हे गाडीच्या वयावर ठरते आणि सरकार ते नियम अधूनमधून बदलत असते, म्हणून काचेवरच्या स्टिकरवर जी तारीख असेल ती प्रमाण. ४० वर्षांहून जुन्या गाडीला रेगोची फी बरीच कमी पडते, तेवढाच दिलासा.

आता गंज. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण खरी मेख इथेच आहे.

हॅमिल्टनची हवा म्हणजे पाऊस आणि धुके. वायकाटो नदीवरून हिवाळ्यात सकाळी जे धुके चढते ते आपल्याला दिसते तेवढेच नसते. बंद गॅरेजातल्या थंड पत्र्यावर, दाराच्या पोकळीत, गालिच्याखाली त्याचे दव धरते आणि दुपारपर्यंत वाळत नाही. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढणारच. त्यातून गाडी रॅगलनच्या समुद्रावर फिरून आलेली असेल तर मीठ त्याला मदत करते. बाहेरून दिसणारा गंज काळजीचा नाही. तो घासून रंगवता येतो. काळजीचा गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड आलेला दिसला म्हणजे पत्रा आतून केव्हाच संपलेला असतो.

मॉरिस मायनरला वेगळी चासी नाही. अँबॅसॅडरसारखीच तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. दारांखालून लांबीभर जाणाऱ्या ज्या पोकळ पेट्या असतात, त्यांना इथे सिल म्हणतात. त्या सिल, जमिनीचा पत्रा आणि पुढची दोन आडवी-उभी लोखंडी अंगे मिळून गाडीचे वजन पेलतात. म्हणून गाडी बघायला जाताना आम्ही चार वस्तू नेतो: टॉर्च, फ्रिजवरचे लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि जुनी चादर. चादर अंथरून सरळ गाडीखाली जायचे (ती जॅकवर असेल तर मात्र नाही!). सिल, जमिनीच्या कडा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे टांगलेल्या असतात ती जागा, सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलेला असतो त्याच्या आसपास आणि जॅक लावायच्या जागा, सगळीकडे चुंबक फिरवायचे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. भिंतीला भरतात तीच लांबीची कल्पना, वर गुळगुळीत रंग. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. सीटखालचा गालिचा उचला आणि वास घ्या. तळघरासारखा कुबट वास आला तर पाणी कुठून तरी आत येते आहे.

लांबी किंवा फायबर लावून केलेली सांगाड्याची दुरुस्ती वॉफला चालत नाही, आणि चालू नयेच. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने बसवायचा, हाच एक मार्ग. घरी मिग वेल्डर घेऊन हे शिकता येते. हॅमिल्टनमध्ये संध्याकाळचे वेल्डिंगचे वर्ग मिळतात का ते आधी चौकशी करून पाहा, कारण पातळ पत्रा जोडणे हे जाड लोखंड जोडण्यापेक्षा अवघड. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर सलग रेघ ओढली तर तो तापून भोक पडते किंवा वाकतो. म्हणून टाके घातल्यासारखे ठिपके द्यायचे, एक इथे, एक तिथे, मध्ये गार होऊ द्यायचे. गोधडी शिवणाऱ्याला ही पद्धत लगेच कळेल. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करून घ्यायचा. नाहीतर सिल काढताच गाडी मधून खचते, आणि नवी सिल बसवल्यावर दारे कायमची लागेनाशी होतात.

सांगाड्याचे मुख्य काम आम्ही स्वतः केलेले नाही. जमिनीचे तुकडे, बॅटरीखालचा पत्रा, मडगार्डच्या कडा आम्ही जोडल्या. सिल आणि स्प्रिंगच्या जागा एका व्यावसायिक वेल्डरकडून करून घेतल्या आणि एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त खर्च तिथेच झाला. आपल्याला जमते ते आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते, या दोहोंतली रेघ प्रत्येकाने आपापली ओढावी, पण ओढावी जरूर. इथे 'नंबर आठची तार' असा एक वाक्प्रचार आहे. कुंपणाची तार वापरून शेतकरी काहीही दुरुस्त करतो, त्याचा या देशाला फार अभिमान. आपल्याकडच्या जुगाडाचीच ही मावसबहीण. दोन्हींबद्दल आम्हाला कौतुक आहे, पण ते आरसा, डिकीचे झाकण आणि सायलेन्सरच्या पट्टीपर्यंतच. ब्रेक, स्टीअरिंग आणि सांगाडा यांच्या जवळपास तार दिसता कामा नये.

वेल्डिंग झाले की काम संपत नाही. नवा पत्रा आतून उघडा असतो. पोकळीत मेण किंवा लॅनोलिन फवारायचे. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, या देशात तिला काय तोटा! ती ओलसर राहते, भेगांत शिरते, आणि खरवडा उठला तरी पुन्हा पसरते. ब्रेकच्या ड्रमवर आणि रबरी भागांवर मात्र ती जाऊ देऊ नका. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात गाडी पूर्ण वाळलेली असताना, आम्ही हा फवारा पुन्हा मारतो. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघून जायला जी बारीक भोके असतात ती काडीने मोकळी ठेवतो. हे पाच मिनिटांचे काम, पण गाडीचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या भोकांवर आहे.

घरच्या गॅरेजातली सुरक्षितता हा विषय कंटाळवाणा वाटेल, पण घरात मुले आहेत म्हणून लिहितो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, एक मिनिटही, जाऊ नका. जॅकने उचलायचे, घोड्यांवर (अॅक्सल स्टँड) ठेवायचे, खालची जमीन काँक्रीटची असावी, उरलेल्या चाकांना पाचर लावायची आणि मग गाडीला जोरात हलवून बघायचे. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. वेल्डिंग करताना पेट्रोलची टाकी, गालिचे, सीटा बाहेर. बॅटरी सोडवून ठेवायची. आग विझवायचे सिलिंडर हाताशी. आणि काम संपल्यावर तासाभराने परत जाऊन बघायचे, कारण पत्र्याच्या पोकळीतला जुना चिंधा हळूहळू धुमसतो. इथल्या घरांत कपडे वाळवायचा ड्रायर बहुधा गॅरेजातच असतो. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते, म्हणून कार्बोरेटर उघडला असताना ड्रायर बंद आणि शटर उघडे. घरातल्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर शाळेचे गणवेश आणि मॉरिस यांच्यात कोण आधी हा वाद होतो, आणि त्यात मॉरिस जिंकत नाही. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. न्यूझीलंडने अॅस्बेस्टॉस असलेल्या मालाच्या आयातीवर २०१६ मध्ये बंदी घातली, पण आधीपासून गाडीत बसलेले किंवा कोणाच्या खोक्यात पडलेले कसे जाणार? ड्रममधली धूळ फुंकू नका, हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. भाड्याचे घर असेल तर पहिला पाना हातात घेण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

वापरलेले तेल आणि कूलंट रस्त्याकडेच्या गटारात ओतायचे नाही. ते गटार सांडपाण्याच्या नळाला जोडलेले नसते. त्यातले पाणी तसेच ओढ्यांतून वायकाटो नदीत जाते. आम्ही तेल जुन्या डब्यांत भरून फ्रँकटनच्या लिंकन स्ट्रीटवरच्या केंद्राकडे नेतो.

इंजिनाबद्दल आता. आपल्यापैकी बरेच जण इंजिनिअर. पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या तासाला कानस घेऊन लोखंडाचा चौकोन घासला, तेवढाच आपला लोखंडाशी संबंध. पण मॉरिसचे १०९८ सीसीचे इंजिन कळायला तेवढे पुरते. हत्यारे मात्र इंची लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना जवळजवळ बसतो, आणि तो 'जवळजवळ' नटाचे कोपरे गोल करून टाकतो. काहीही उघडण्याआधी फोटो काढा, नटबोल्ट झिपच्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. बॅकअपचे महत्त्व आपल्या धंद्यातल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

टॅपेटची फट ०.०१२ इंच, सी.बी. पॉइंटची ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच. हे तीन आकडे आमच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहेत. ज्यांच्या घरी भारतातून आलेले एखादे काका-मामा आहेत त्यांनी पॉइंटचे काम बिनधास्त त्यांच्यावर सोपवावे. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर ज्यांनी पंचवीस वर्षे काढली, त्यांना फिलर गेज हातात दिल्यावर चष्माही लागत नाही. कार्बोरेटर एसयू कंपनीचा, मोठा गमतीदार. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा त्यातला पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट तेवढीच मोकळी करते. त्या पिस्टनच्या वरच्या नळीत थोडे पातळ तेल असते, ते संपले की गाडी वेग घेताना अडखळते. लोक इंजिन खोलायला निघतात आणि औषध चमचाभर तेलाचे असते.

पेट्रोलमधले शिसे इथे १९९६ मध्ये बंद झाले (भारतात २००० मध्ये). शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हाल्व्हच्या बैठका झिजत नसत. त्यामुळे हेड काढलेच तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. तोपर्यंत पेट्रोलमध्ये घालायचे औषध मिळते. आम्ही गावातल्या गावात, हळू चालवतो, आणि टॅपेटची फट नियमित मोजतो. फट कमी कमी होत गेली तर बैठक झिजते आहे असे समजायचे.

या गाडीतली सर्वांत धोक्याची जागा इंजिनात नाही, पुढच्या चाकांपाशी आहे. पुढचे चाक ज्या उभ्या दांड्यावर वळते त्याची खालची बाजू आटे पाडून एका ट्रनियन नावाच्या भागात बसवलेली असते. तिथे ग्रीस पोहोचले नाही की आटे झिजतात, आणि एक दिवस, बहुधा पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवताना, दांडा निसटून चाक बाहेर पडते. पार्किंगमध्ये झाले तर हसण्यावारी जाते, केंब्रिजच्या रस्त्यावर झाले तर जाणार नाही. दर हजार मैलांना, म्हणजे १,६०० किलोमीटरला, आम्ही ग्रीस गन लावतो. गाडी तेवढी चालली नाही तरी वॉफच्या आधी लावतोच. चाकाचे वजन उतरवून, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत.

ब्रेकचेही तसेच. एकच मास्टर सिलिंडर, तोही ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात दडवलेला, आणि चारही चाकांना मिळून एकच मार्ग. कुठेही गळले तर चारही ब्रेक गेले, उरला हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. ते रंगावर सांडले तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवावे. पुढच्या गाडीपासून आजच्या गाडीत ठेवतो त्याच्या दुप्पट अंतर ठेवायची सवय लावून घ्या. चांगल्या स्थितीतले ड्रम ब्रेकसुद्धा तुमच्या कॅमरीसारखे थांबत नाहीत. इंजिन, ब्रेक वा स्टीअरिंगमध्ये मोठा फेरफार करायचा विचार असेल तर आधी लो व्हॉल्यूम व्हेईकल प्रमाणपत्राची चौकशी करा. ते नसेल तर वॉफ नाकारतात, आणि विमा कंपनीलाही कारण मिळते.

विजेच्या बाबतीत एक इशारा. डायनॅमो असलेल्या या जुन्या गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, आजच्या उलट. मोबाईलचा चार्जर किंवा नवा रेडिओ तसाच लावला तर जळतो, आणि सवयीने नव्या गाडीवरून जंप स्टार्ट द्यायला गेलात तर ठिणग्यांची दिवाळी होते. आम्ही बॅटरीच्या शेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि आमच्याखेरीज ज्यांच्या हाती किल्ली जाऊ शकते त्यांच्यासाठी इंग्रजीतही. सिग्नलला उभे असताना दिवे मंद होणे, लाल दिवा लुकलुकणे हे मात्र दुखणे नाही. डायनॅमो मंद गतीला फारशी वीज देत नाही, एवढेच.

मुलांचे काय, हा प्रश्न आया हमखास विचारतात आणि तो बरोबर आहे. सात वर्षांखालील मुलांना मान्यताप्राप्त आसनात बसवावे असे इथला कायदा सांगतो, आणि आमच्या मॉरिसच्या मागच्या सीटला पट्टेच नाहीत, तर आसन बांधणार कशाला? म्हणून आमची मुले मॉरिसमध्ये बसतात ती फक्त ड्राइव्हवेमध्ये. धुताना मात्र चौघेही लागतात, आणि धाकटीला ग्रीस लावायच्या सगळ्या जागा पाठ आहेत.

शेवटी, माणसे. सुटे भाग, सल्ला आणि चहा या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात, ती म्हणजे इथल्या सत्तरीतल्या एखाद्या आजोबांची शेड. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज कार क्लबची वायकाटो शाखा आहे, देशात मॉरिस मायनरवाल्यांचे स्वतंत्र क्लबही आहेत. त्यांच्या जुन्या सामानाच्या बाजारात सकाळी लवकर जा. जाताना घरचा चिवडा न्या. आमच्या दाराच्या काचेचे हँडल आणि ओव्हरड्राइव्हवरची अर्ध्या तासाची शिकवणी एका डब्यात मिळालेली आहे. (मॉरिसला ओव्हरड्राइव्ह नसतो, पण आजोबांना सांगायचे होते.) गाड्या नुसत्या बघण्यासाठी फ्रँकटनला २०१२ मध्ये क्लासिक्स म्युझियम सुरू झाले होते. तिथे जाऊन आलेला माणूस एकतर हा नाद सोडतो किंवा कायमचा लागतो.

पुढच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला हवा कोरडी असेल तर गाडी सभागृहाबाहेर उभी असेल. बॉनेट उघडून दाखवू, कोणाला चुंबक फिरवून पाहायचे असेल तर तेही करू देऊ. फक्त पांढरा झब्बा घालून जवळ येऊ नका.